आधार कार्डावरची आजी

रिकामटेकडीचे उद्योग

माझ्याकडे तेव्हा दोन कॅमेरे होते, तीन लेन्स होत्या, एक ट्रायपॉड होता आणि चाळीसेक हजार फोटो होते. आणि माझी आजी गेली, तेव्हा तेराव्याला पाटावर जो फोटो ठेवला होता, तो तिच्या आधार कार्डावरून मोठा करून आणलेला होता.

हसलात ना? हसा. आजी स्वतःही हसली असती. ऑगस्ट २०२४ मधली ती सकाळ मला लख्ख आठवते. मागे ती पांढरट भिंत, आजीचे डोळे अर्धवट मिटलेले आणि चेहऱ्यावर 'मला इथे कुणी आणून बसवलंय?' असा भाव. स्टुडिओवाल्याने बिचाऱ्याने पदराचे काठ जरा ठळक करून दिले होते, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बाकीच्या नातेवाईकांकडे आजीचे फोटो होते, नाही असं नाही. पण ते सगळे लग्नामुंजीतले. पन्नास माणसांच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत कुठेतरी अर्धा कान आणि अंबाडा, ती आजी. नाहीतर स्वयंपाकघरात पाठमोरी.

"घरात एवढी फोटोग्राफर पोरगी आहे आणि..." थोरले काका म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ते आत्याने उचललं.

"तिच्याकडे आहेत ना फोटो! गावातल्या झाडून सगळ्या मिसळींचे आहेत."

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना माझे धंदे ठाऊक आहेत. कुठे नवी मिसळ लागली की मी पोचलेच. ताम्हिणीत पहिला पाऊस पडला की आमची अ‍ॅक्टिव्हा तिकडे. नवं गॅजेट आलं की ते विकत घ्यायच्या आधी त्याचे पन्नास रिव्ह्यू वाचायचे आणि मग पैसे नाहीत म्हणून घ्यायचं नाही! फोटो तर काय, पोटापाण्याचा अर्धा भाग आणि वेडाचा दीड. तेव्हा आत्याचं वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं लागलं.

पण माझ्याकडे आजीचे फोटो होते. खरंच होते!

फेब्रुवारी २०२३. आजी, बाबा आणि मी असे तिघं एका शनिवारी वाईला गेलो होतो. वाई हे आजीचं माहेर. घर कधीच विकलं गेलं, पण कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती काही विकता येत नाहीत, असं ती म्हणायची. गाडी करून जाऊ म्हटलं, तर साफ नाही म्हणाली. का? तर एसटी फुकट! पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला आणि आमची एक्क्याऐंशी वर्षांची आजी अचानक प्रवासी झाली. आधार कार्ड कायम बटव्यात. त्या दिवशी स्वारगेटला कंडक्टरने कार्डाकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं, मग परत कार्डाकडे.

"अहो, मीच आहे ती," आजी म्हणाली. "फोटो काढणाऱ्याला मी आवडले नाही, त्याला मी काय करू?"

तो कंडक्टर वाईपर्यंत हसत होता.

त्या दिवसाचे मी तीनशेच्या वर फोटो काढले. घाटावर बसलेली आजी, ढोल्या गणपतीपुढे हात जोडणारी आजी, रसवंतीत "बर्फ कमी, आलं जास्त" असं सांगणारी आजी. घरी आल्यावर ती म्हणाली, "मला एखादा कागदावर दे गं." मी म्हटलं, "हो आजी, जरा एडिट करून देते." बाबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. फोल्डरचं नावसुद्धा मी 'वाई आजी फायनल एडिट बाकी' असं ठेवलं होतं. ते दीड वर्ष बाकीच राहिलं.

मग तेराव्याला ते का नाही काढले? कारण आजी गेली तेव्हा मी एका कामासाठी मुंबईत मैत्रिणीकडे राहत होते. रात्रीच निघाले, हार्ड डिस्क तिथेच राहिली. आधारवरचा फोटो पहिल्याच दिवशी घाईघाईत केलेला होता. तेरा दिवसांत मला डिस्क आणता आली नसती का? आली असती. पण ते फोल्डर उघडायची हिंमत नव्हती. तेव्हाही नव्हती आणि नंतरचे नऊ महिनेही नव्हती. मी फक्त काकांना सांगून ठेवलं, "वर्षश्राद्धाला आजीचा असा फोटो लावू ना, की बघतच राहाल!"

टक्... टक्... टक्...

यंदा मे महिन्यात काकांचा फोन आला. "अगं, फ्रेमवाल्याकडे द्यायचाय फोटो. बघितलास का?"

त्या रात्री मी एकदाची हिंमत केली. हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली, पाणी प्यायला उठले आणि केबल पायात अडकली. टेबलापासून जमिनीपर्यंत अडीच फूट, फार तर तीन. उचलून परत लावली. आतून आवाज आला, टक्... टक्... टक्... कुणीतरी आत कोंडलंय आणि दार वाजवतंय, तसा.

मग मी तेच केलं, जे तुम्हीही केलं असतं. काढली, परत लावली. दुसऱ्या पोर्टला लावली. बाबांच्या कॉम्प्युटरला लावली. हलवली, थोपटली. देवाचं नावसुद्धा घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्कार्फ बांधून अ‍ॅक्टिव्हा बुधवार पेठेत. पुणेकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते, की इलेक्ट्रॉनिक वस्तूचं काहीही बिघडलं की पुण्यात पावलं तापकीर गल्लीकडे वळतात. तिथल्या एका दुकानदारदादाने डिस्क कानाला लावली, डोळे मिटले आणि डॉक्टरसारखं विचारलं, "ताई, पडल्यानंतर किती वेळा लावली?"

"आठ-दहा वेळा."

त्याने जी मान हलवली, ती मला आयुष्यभर पुरेल. मग त्याने एक उघडलेली जुनी डिस्क दाखवून मला समजावलं आणि हे तुम्हीही समजून घ्याच. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या असतात. साध्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात. त्यांच्यावर एक बारीकशी दांडी असते, तिच्या टोकाला माहिती वाचणारं डोकं. ते डोकं चकतीला टेकत नाही, तर तिच्यावर तरंगतं. मधलं अंतर इतकं कमी, की धुळीचा कण त्याच्यासमोर डोंगर वाटावा. डिस्क आपटली की हे डोकं बिघडू शकतं. मग ते आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही, परत येतं. तेच ते टक् टक्. अशा वेळी आपण डिस्क परत परत चालू करतो, तेव्हा ते बिघडलेलं डोकं चकतीवर ओरखडे काढत असू शकतं. म्हणजे जिथे ओरखडा, तिथला फोटो गेला. कायमचा.

"हे इथे नाही होणार," दादा म्हणाला. "याला धूळ नसलेली खोली लागते, याच मॉडेलची दुसरी डिस्क लागते. आणि उघडून बघू का म्हणून कुणी विचारलं, तर आधी डिस्क घेऊन बाहेर पडायचं." फुकटात दिलेला इतका मोलाचा सल्ला मला पेठेत पहिल्यांदाच मिळाला.

डेटा रिकव्हरीवाल्यांनी पस्तीस हजार सांगितले, वर गॅरंटी नाही. नव्या लेन्ससाठी मी चाळीस साठवले होते. दिले. तीन आठवड्यांनी डिस्क आली आणि सोबत यादी. चाळीस हजारांपैकी सव्वीस हजार फाइल्स परत मिळाल्या होत्या. मिसळी सगळ्या होत्या, एकूण एक! कोल्हापूरची, नाशिकची, आमच्या पेठेतल्या आठ दुकानांची. आत्याला कळलं असतं तर...

वाईचं फोल्डरही होतं. आत फाइल्सची नावं होती. उघडल्या की वर आकाशाची एक पट्टी दिसायची, कधी पिंपळाची चार पानं, आणि त्याखाली सगळं करडं. सपाट, राखाडी. घाटाच्या पायऱ्या, नदी आणि आजी त्या करड्या रंगाखाली कुठेतरी होत्या. मी तीनशे फाइल्स एकेक करून उघडल्या. कशासाठी, ते माहीत नाही.

मग शोधाशोध. मेमरी कार्ड? फॉरमॅट केल्यावरही फोटो लगेच पुसले जात नाहीत, आधी फक्त त्यांचा पत्ता पुसला जातो, हे खरं. पण त्या कार्डावर मी नंतर दोन वर्षं फोटो काढत होते. एकावर एक, एकावर एक. क्लाउड? गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. त्यानंतरचं सगळं त्या पंधरा जीबीत मोजलं जातं, ज्यात आपली ई-मेलसुद्धा असतात. माझे पंधरा जीबी २०२२ मध्येच भरले होते. 'बॅकअप थांबला आहे' ही सूचना मी वर्षभर रोज बोटाने बाजूला सारत होते, डास हाकलावा तशी.

राहिलं इन्स्टाग्राम. तिथे त्या दिवसाची पोस्ट होती, सात फोटोंची. मेणवलीची घंटा होती, नाना फडणविसांच्या वाड्याची खिडकी होती, मिसळ होती, कृष्णेत पडलेलं ऊन होतं. आजी नव्हती. तेव्हा मला ती 'फीड'मध्ये बसत नव्हती.

चौदा नंबर

जुने अल्बम तरी बघू, म्हणून एका रविवारी बाबा माळ्यावर चढले. खाली आले ते एक चामडी पाउच घेऊन. त्यात त्यांचा यशिका एमएफ-टू. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी कॅमेरा होता, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे हाच होता. फोकस करायची भानगड नाही, अंगठ्याने चाक फिरवायचं, बटण दाबायचं, झालं. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचं वेड मला मध्यंतरी लागलं होतं, तेव्हा मी बाबांच्या वाढदिवसाला त्यात एक रंगीत रोल घालून दिला होता. आजकाल एका रोलच्या पैशांत चौघांचा मिसळ, ताक, जिलेबी असा रविवार आरामात साजरा होतो. त्यामुळे बाबा तो रोल सोन्याच्या नाण्यांसारखा वापरत होते.

मी पाउच उघडलं. फ्लॅशचे सेल गळून हिरवे झाले होते. आतही काही सांडलंय का ते बघायला मागच्या झाकणाच्या खटक्याला हात घातला आणि बाबा असे ओरडले, की शेजारच्या काकू दारात आल्या.

"उघडू नकोस! आकडा बघ!"

छोट्या खिडकीत आकडा होता १४. म्हणजे आत रोल होता. तेरा फोटो काढलेले, उरलेले कोरे. झाकण उघडलं असतं, तर काढलेल्या फोटोंवर उजेड पडून दोन सेकंदांत सगळं पांढरं झालं असतं.

"बाबा, वाईला तुम्ही हा नेला होतात?"

"नेला होता ना. तू तुझ्या त्या तोफेत डोकं घालून बसली होतीस, तेव्हा मी दोन-चार काढले होते. आजीचे आहेत की नाही, आता आठवत नाही बुवा."

माझं म्हणणं, आत्ताच्या आत्ता रोल गुंडाळू आणि धुवायला देऊ. पण बाबांची पिढी वेगळी. "अजून तेवीस फोटो शिल्लक आहेत. ते वाया घालवायचे?" मी म्हटलं, "मग काढा इथेच, पंख्याचे, फ्रिजचे!" ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "वाईलाच संपवू या का?"

छत्तीसचा हिशेब

तर जुलैमधल्या एका शनिवारी स्वारगेट ते वाई, परत एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे माझं अर्धं. बाबा बासष्टचे. पासष्टचे झाले की त्यांनाही सवलत मिळेल. तोवर घरात पूर्ण तिकीट काढणारे ते एकटेच, आणि हे त्यांनी खंबाटकी घाट चढेपर्यंत मला चारदा सांगितलं. घाटात धुकं होतं, सुरूर फाट्यावर पाऊस आणि वाईत लख्ख ऊन.

आधी पोटोबा. स्टँडजवळ ज्या हॉटेलात आजीला घेऊन गेलो होतो, तिथेच गेलो. बाकं तीच, पाटीवरची खडूची अक्षरंही बहुतेक तीच. इथली मिसळ आमच्या पुणेरी मिसळीसारखी पोहे-बटाट्याची भाजी घालून पोटभरीची केलेली नाही. मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, कच्चा कांदा आणि रस्सा असा, की पहिल्या घासाला कळत नाही आणि तिसऱ्याला कान गरम होतात. आजीने तेव्हा पावाला हात न लावता बटव्यातून घरची पोळी काढली होती आणि मालकांना सांगितलं होतं, "राग मानू नका हं, रस्सा तुमचाच खाणार आहे!" मी सवयीने मोबाइल काढला, प्लेट जरा खिडकीकडे सरकवली आणि मग तो परत खिशात ठेवला. म्हटलं, हिचा फोटो आहे आपल्याकडे. परत मिळालेल्या सव्वीस हजारांत आहे.

तिथून मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेवर घाट आणि घाटावर ती घंटा. वसईची मोहीम १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. मेणवलीची त्यांतलीच एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. महादेवाच्या देवळाच्या शेजारी, कृष्णाकाठी! आजी तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाली होती, "ही पण बिचारी माहेर सोडून आलेली." 'स्वदेस' २००४ मध्ये आला, त्यातला घाट हाच. त्यामुळे इथे येणारे निम्मे लोक शाहरुख बसला ती पायरी शोधत असतात. आम्ही आजी बसली ती शोधत होतो.

आणि मग सुरू झाला तेवीस फोटोंचा हिशेब. मी सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला, तर बाबा म्हणाले, "थांब. काय काढतेयस?" मी म्हटलं, "घाट." "घाटाचं काय?" मला उत्तर देता येईना! डिजिटलवर मी या घाटाचे दहा मिनिटांत साठ फोटो काढले असते आणि घरी जाऊन ठरवलं असतं, की आपण काय बघत होतो. इथे आधी बघावं लागत होतं. ऊन ढगातून बाहेर यायची वाट बघत आम्ही पाऊण तास नुसते बसलो. त्या पाऊण तासात बाबांनी मला सांगितलं, की आजी याच पाण्यात पोहायला शिकली होती, दोन भोपळे बांधून. मला हे माहीतच नव्हतं. सत्तावीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

गंमत बघा. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो काळा-पांढरा आणि शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचा, म्हणजे एका मेगापिक्सेलचा शंभरावा भाग! तो एक फोटो साध्या कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागायची. तेवीस सेकंदांत आज माझा कॅमेरा शंभरेक फोटो काढतो. सोय झाली हे खरंच. पण सोय झाली की राखण करायची राहून जाते. तिजोरीला कुलूप लावतो आपण, चिल्लर कुठेही पडलेली असते.

छत्तिसावा फोटो मी बाबांचा काढला, घंटेपाशी. मग त्यांनी दांडी उघडून रोल गुंडाळला. तो आवाज ऐकताना दोघंही गप्प होतो. आत काय आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तेरापैकी पाच

पेठेतल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी रोल हातात घेतला आणि म्हणाले, "दोन-अडीच वर्षं माळ्यावर? उन्हाळ्यासकट?" काढलेला पण न धुतलेला रोल उष्णतेने हळूहळू फिका पडत जातो. शक्य तितक्या लवकर धुवायचा, नाहीतर निदान फ्रिजमध्ये ठेवायचा. आमच्या फ्रिजमध्ये तेव्हा कैरीचं लोणचं होतं. आता रोल धुणारे कमी राहिलेत, त्यामुळे काकांनी तो मुंबईला पाठवला. दहा दिवस लागतील म्हणाले. अकरा लागले.

अकराव्या दिवशी मेल आली. पहिल्या आठ फोटोंत आमच्या सोसायटीतला आंबा, सोसायटीचं गेट आणि "काय चाललंय तुमचं" असं म्हणत असलेली आई. रंग विटलेले, सगळ्यावर एक तांबूस छटा. मग वाई. पाच फोटो. एकात एसटीची खिडकी, हललेली. एकात मिसळ आणि बाबांचं बोट. एक जवळजवळ पांढरा. एकात घंटेकडे बघणारी आजी, पाठमोरी.

आणि एकात आजी.

घाटाची तिसरी पायरी. उन्हं तिरपी. डोक्यावरचा पदर घसरलाय, हातात पोळीचा डबा, आणि आजी हसते आहे. तोंड उघडून, पुढचे दोन पडलेले दात दिसताहेत, डोळे बारीक झालेत. कसलीही पोज नाही. काहीतरी सांगते आहे आणि ते सांगताना तिचं तिलाच हसू आलंय. ती बघते आहे तिच्या उजव्या हाताला.

उजव्या हाताला मी आहे. मान खाली. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, आत्ताच काढलेला तिचा फोटो कसा आलाय ते बघते आहे.

मी तो फोटो खूप वेळ मोठा करून बघत बसले. ती काय सांगत होती? आठवायचा फार प्रयत्न केला. भोपळ्यांचं असेल का?

वर्षश्राद्धाला हाच लावायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. फक्त एक अडचण होती आणि ती स्टुडिओवाल्या काकांनीच सांगितली. "ताई, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. तुम्हाला कापावं लागेल."

"कापा," मी म्हटलं.

आता काकांच्या हॉलमध्ये ती फ्रेम आहे. रंग विटलेला, दाणे दिसताहेत, माझ्या कुठल्याही संपादकाने 'क्वालिटी नाही' म्हणून परत पाठवला असता असा फोटो. येणारा प्रत्येक जण आधी म्हणतो, "अगदी बोलतील असं वाटतंय!" आणि मग थोडं थांबून विचारतो, "पण त्या बघताहेत कुणाकडे?"

बाबा माझ्याकडे बघतात. मी चहा टाकायला आत जाते.

जाता जाता...

* तीन-दोन-एक: डिजिटल फोटोंच्या राखणीचा हा नियम अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाला. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. माझी घराबाहेरची डिस्क आता काकांच्या कपाटात असते. त्या निमित्ताने महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाणंही होतं.

* टक् टक् ऐकू आलं की: हार्ड डिस्क ताबडतोब बंद. परत लावायची नाही, थोपटायची नाही, कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायचं नाही. ती सॉफ्टवेअर चुकून पुसलेल्या फोटोंसाठी असतात, आतून मोडलेल्या डिस्कसाठी नाही.

* क्लाउड म्हणजे आपोआप बॅकअप नव्हे: फोन आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असतील, तर इथे डिलीट केलेला फोटो तिथूनही जाऊ शकतो. आणि 'बॅकअप थांबला आहे' ही सूचना खरी असते.

* व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होऊन जातो आणि त्याची मूळ तारीखही त्यातून गळते. मूळ फोटो द्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

* वर्षाला बारा प्रिंट: महिन्याला एक. एडिट न करता. मी सुरुवात आईपासून केली आहे. "काय चाललंय तुमचं" तोच फोटो, फ्रिजवर लावलाय. तिला अजिबात आवडलेला नाही!